राचोल येथील जुनें विद्यालय : धनी बदलले, शाळा राहिली

जुन्या वास्तूंचा इतिहास लिहितांना संशोधकांचें लक्ष देवालयें, किल्ले व सरदारांचे वाडे यांजकडे सहज जातें. शाळेची इमारत मात्र बहुधा उपेक्षित राहते. तिच्यांत तरवारी नसतात, दानपत्रें क्वचितच असतात, आणि ज्या मुलांनीं तेथें अक्षरें गिरविलीं त्यांचीं नांवें कोणी दगडावर कोरून ठेवीत नाहीं. तथापि ग्रंथसंग्राहकाच्या दृष्टीनें शाळा हें फार महत्त्वाचें स्थळ आहे. पोथी कोठें लिहिली गेली, कोणाच्या उपयोगाकरितां लिहिली गेली, व पुढें ती कोणाच्या हातीं गेली, या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें पुष्कळदां शाळेच्या इतिहासांत सांपडतात.

हा लेख आम्ही नागपुरास गांधीबागेंत बसून लिहीत आहों. या शहरांतील रोमन कॅथॉलिक शाळांची परंपरा एकोणिसाव्या शतकांतील आहे. येथील सेंट फ्रान्सिस डी सेल्स ही शाळा इ. स. १८७० ची असून ती आजहि त्याच पंथाच्या व्यवस्थेखालीं चालते. धर्मसंघानें बांधलेली शाळा त्याच्या हातून जाऊन व्यापक उपयोगास लागली, असा प्रकार शोधूं जातां आम्हांस नागपूर सोडून गोमांतकाकडे वळावें लागलें. साष्टी प्रांतांतील राचोल येथील विद्यालय हें या प्रकारचें बोधप्रद उदाहरण आहे. आणि मराठीच्या अभ्यासकास तर तें दुहेरी बोधप्रद आहे. कारण ज्या ग्रंथावांचून सतराव्या शतकांतील मराठी वाङ्मयाचा इतिहास पुरा होत नाहीं, तो ख्रिस्तपुराण नांवाचा ग्रंथ याच वास्तूंत छापला गेला.

प्रथम स्थळाचा विचार करूं. राचोल हें गांव जुवारी नदीच्या कांठीं, मडगांवच्या ईशान्येस वसलेलें आहे. नदीपलीकडे फोंडे महालांतील शिरोडें गांव लागतो. नदीच्या वळणावर असल्यामुळें येथें पोर्तुगीजांच्या पूर्वींपासून किल्ला होता. इ. स. १५२० त विजयनगरच्या कृष्णदेवरायाच्या सैन्यानें तो विजापूरकरांपासून घेतला व पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. साष्टी प्रांतावर पोर्तुगीजांचा कायमचा अंमल मात्र इ. स. १५४३ पासून बसला. तेव्हांपासून राचोल हें साष्टीच्या लष्करी कारभाराचें मुख्य ठाणें झालें.

या ठाण्याच्या इतिहासाची एक बाजू कडू आहे, व ती गाळून पुढें जाणें इतिहासलेखनास शोभणार नाहीं. इ. स. १५६७ त साष्टींतील देवळें पाडण्याची जी मोहीम झाली, ती राचोलचा किल्लेदार दियोगु रुद्रिगिश याच्या हुकमतीखालीं झाली. पुढें इ. स. १५८३ त कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनीं रुदोल्फ आक्वाव्हिवा व त्याचे चार सहकारी, अशा पांच जेझुइटांस ठार मारिलें, तें या रागाचेंच फळ होय. ज्या विद्यालयाची हकीकत आम्ही सांगणार आहों तें अशा प्रदेशांत व अशा काळांत उभें राहिलें, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. लोकांचीं दैवतें उखडणारी सत्ता व त्याच लोकांची भाषा आत्मसात करणारा पाद्री, हीं दोन्हीं एकाच तटाच्या आंत नांदत होतीं.

आतां विद्यालयाच्या स्थापनेविषयीं. जेझुइट संघानें साष्टींतील आपलें विद्यालय प्रथम मडगांवीं इ. स. १५७४ त काढिलें. तें गांव उघडें असल्यामुळें, व इ. स. १५७९ त त्यावर हल्ला होऊन नासधूस झाल्यामुळें, किल्ल्याच्या आश्रयास जाणें संघास श्रेयस्कर वाटलें. आज जी भव्य चौसोपी वास्तु राचोलास दिसते तिचें बांधकाम इ. स. १६०६ त सुरू होऊन इ. स. १६१० त पूर्ण झालें.

येथें एका प्रचलित समजुतीची छाननी केली पाहिजे. ही वास्तु पोर्तुगालचा राजा दों सेबास्तियांव याच्या आश्रयानें बांधली गेली असें सर्रास लिहिलें जातें. परंतु सेबास्तियांवाची कारकीर्द इ. स. १५५७ पासून १५७८ पर्यंतची. तो आफ्रिकेंत रणांत पडला, आणि इ. स. १५८० पासून पोर्तुगालचें राज्य स्पेनच्या राजघराण्याकडे गेलें. इ. स. १६०६ त पायाचा दगड बसला तेव्हां तिसरा फिलिप राज्य करीत होता. तेव्हां सेबास्तियांवाचा आश्रय लावावयाचा तर तो मडगांवच्या मूळ संस्थेस लागेल. राचोलच्या या इमारतीस लागणार नाहीं. संस्थेचें वय व इमारतीचें वय हीं एक नव्हेत, हा नियम विसरल्यानें असे घोंटाळे होतात. शाळांच्या इतिहासांत तर ते फारच होतात, कारण शाळा जुन्या घरांतून नव्या घरांत जातांना आपल्या स्थापनेचा शक व आश्रयदात्याचें नांव बरोबर घेऊन जाते.

विद्यालयाच्या नांवाविषयींहि असाच विचार उपयोगी पडतो. आरंभीं तें ‘सर्व संतांचें विद्यालय’ म्हणून ओळखलें जाई. पुढें त्यास इग्नाती लोयोला या संघसंस्थापकाचें नांव मिळालें. याचा पुरावा त्या वास्तूंत छापलेल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरच आहे. इ. स. १६१६ च्या ख्रिस्तपुराणावर सर्व संतांच्या विद्यालयाचें नांव होतें, इ. स. १६४० त निघालेल्या ‘आर्ति द लिंग्व कानारिं’ या कोंकणी व्याकरणावर संत इग्नातीच्या विद्यालयाचें नांव आहे. इग्नातीस संतपद मिळालें इ. स. १६२२ त. म्हणजे नामांतर १६१६ व १६४० यांच्या दरम्यानचें, आणि तें १६२२ च्या सुमारास किंवा लगेच नंतर झालें असावें, असा आमचा तर्क आहे. एखाद्या संग्राहकास राचोलचें मितीविरहित पान हातीं आलें, तर केवळ विद्यालयाच्या नांवावरून त्याचा काळ अदमासानें ठरवितां येईल.

छापखान्याची हकीकत येणेंप्रमाणें आहे. हिंदुस्थानांतील पहिला छापखाना इ. स. १५५६ त गोंव्यास आला, व तो जुन्या गोंव्याच्या संत पावलाच्या विद्यालयांत बसविण्यांत आला. तो वस्तुत: हबसाणाकडे जावयाचा होता, दैवयोगानें येथेंच राहिला. पुढें राचोलच्या विद्यालयांतहि मुद्रणाची सोय झाली, व येथून जीं पुस्तकें बाहेर पडलीं त्यांत मराठी व कोंकणी वाङ्मयाच्या दृष्टीनें तीन प्रमुख होत: इ. स. १६१६ चें ख्रिस्तपुराण, इ. स. १६२२ ची कोंकणी ‘दौत्रिन क्रिश्तां’ अर्थात् ख्रिस्ती धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरी, आणि वर सांगितलेलें इ. स. १६४० चें व्याकरण. तिन्ही ग्रंथांशीं फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचा संबंध आहे. तो इ. स. १५७९ त गोंव्यास आला, चाळीस वर्षें येथेंच राहिला, व इ. स. १६१९ त वारला. म्हणजे पहिला ग्रंथ मात्र त्याच्या हयातींत छापला गेला. बाकीचे दोन मरणोत्तर निघाले, आणि व्याकरणावर दियोगु रिबैरु व इतर पाद्र्यांनीं संस्कार केले.

ख्रिस्तपुराण हा ग्रंथ ओंवीबद्ध असून त्याचे दोन भाग आहेत. ‘पहिलें पुराण’ यांत ३६ व ‘दुसरें पुराण’ यांत ५९ अवस्वरू, म्हणजे अध्याय, आहेत; एकंदर ओंव्या सुमारें ११,००० भरतात. मराठी ही या विषयास योग्य भाषा म्हणून ग्रंथकारानें निवडली, परंतु सामान्य श्रोत्यांस कळावें म्हणून कठीण शब्द टाळून स्थानिक बोलीची भर घातली, असें त्यानें स्वत:च प्रस्तावनेंत सांगितलें आहे. संतकवींच्या पोथ्या ज्यांच्या नित्य वाचनांत आहेत त्यांस या ओंवीची चाल परकी वाटणार नाहीं.

मग प्रश्न असा उभा राहतो, कीं मराठी ग्रंथ रोमन अक्षरांत कां छापला? याचें कारण ग्रंथकाराची अनिच्छा नव्हे. इ. स. १६०८ त स्टीफन्सनें रोम येथील आपल्या संघाच्या श्रेष्ठींस पत्र लिहून देशी लिपींत पुस्तकें छापण्याची आपली बहुत दिवसांची इच्छा कळविली होती. मलबारांत असें मुद्रण झालें होतें, त्याचा दाखलाहि त्यानें दिला. अडचण अशी, कीं युरोपांतील चोवीस अक्षरांच्या जागीं येथें जोडाक्षरें व काना-मात्रा धरून सुमारें ६०० सांचे पाडावे लागतील, असें लोकांस वाटे, व तें अशक्यप्राय समजलें जाई. इच्छा तडीस गेली नाहीं. आमच्या मतें ही गोष्ट मराठी मुद्रणाच्या इतिहासांत मोठ्या हानीची झाली. देवनागरी सांचे त्या वेळीं राचोलास पडते, तर मराठीचा छापील ग्रंथ तिच्या स्वत:च्या वेषांत जवळजवळ दोनशें वर्षें आधीं लोकांपुढें आला असता.

रोमन वेषाचा दुसरा परिणाम असा झाला, कीं हे ग्रंथ पाहणारास ते मराठी आहेत हेंच ओळखतां येईना. यास्तव संग्राहकांच्या सोयीकरितां या लेखनपद्धतीच्या कांहीं खुणा येथें देतों. ‘ण’ हें अक्षर ‘एन’ दोनदां लिहून दाखवीत. ‘पुराण’ हा शब्द ‘पी-यू-आर-ए-एन-एन-ए’ असा दिसतो. त्याच रीतीनें ‘टी’ दोनदां लिहिली कीं ‘ट’, ‘डी’ दोनदां लिहिली कीं ‘ड’, व ‘एल’ दोनदां लिहिली कीं ‘ळ’. पोर्तुगीज उच्चारास अनुसरून ‘श’ बद्दल ‘एक्स’ हें अक्षर येतें. ‘क’ बद्दल कधीं ‘सी’, कधीं ‘क्यू’. ‘देव’ या शब्दांत ‘व’ च्या जागीं ‘यू’ आढळते. शब्दाच्या अंतीं ‘एम’ दिसल्यास तो बहुधा अनुस्वार समजावा. ‘दुसरें’ यांतील शेवटचें टिंब असें लिहीत. शिवाय छंदाची खूण आहेच. चार चार ओळींचे गट, पैकीं पहिल्या तीन ओळींस यमक व चौथी आंखूड, असें दिसलें कीं अक्षर कोणतेंहि असो, आंत ओंवी आहे असें समजण्यास हरकत नाहीं.

ख्रिस्तपुराणाच्या पुढें इ. स. १६४९ व १६५४ त आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. मात्र या तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकाहि छापील प्रतीचा आजवर पत्ता लागलेला नाहीं. याचीं कारणें एकाहून अधिक दिसतात. पहिलें असें, कीं हा ग्रंथ देवळांत व घरांत मोठ्यानें वाचण्याचा होता. नित्य हाताळलेलें पुस्तक कोंकणच्या दमट हवेंत फार दिवस टिकत नाहीं. दुसरें कारण राजकीय आहे. इ. स. १६८३ च्या अखेरीस छत्रपति संभाजी महाराजांच्या फौजा साष्टी व बारदेश प्रांतांत शिरल्या. मडगांव त्यांच्या हातीं गेलें, पण राचोलचा किल्ला पडला नाहीं. त्या संकटांतून पोर्तुगीज सरकार सुटतें न सुटतें तोंच कोंदि द आल्व्होर या व्हाइसरॉयानें जून १६८४ त हुकूम काढिला, कीं लोकांनीं तीन वर्षांच्या आंत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें. असा हुकूम अक्षरश: अंमलांत येणें शक्य नव्हतें, व आलाहि नाहीं, परंतु देशी भाषेंतील पुस्तकांस सरकारी आश्रय राहिला नाहीं हें त्यावरून उघड होतें. गोंव्यांतील मुद्रणहि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत थांबलें, तें इ. स. १८२१ पर्यंत पुन: सुरू झालें नाहीं. छापील प्रति झिजल्या, व नवीन छापणार कोणी उरला नाहीं.

ग्रंथ तरला तो हातानें नकला करणाऱ्यांमुळें. गोमांतकांतून कानडा प्रांतांत जाऊन राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं पुराणाच्या नकला आपल्याबरोबर नेल्या व पिढ्यानपिढ्या वाचल्या. इ. स. १७८४ त टिपू सुलतानानें या लोकांस धरून श्रीरंगपट्टणास नेलें, व इ. स. १७९९ त त्याच्या पाडावानंतर उरलेले परत आले. एवढ्या उलथापालथींतूनहि हस्तलिखितें वांचलीं. त्यांच्याच आधारें जे. एल. साल्ढाणा यांनीं इ. स. १९०७ त मंगळूर येथें रोमन लिपींत ग्रंथाची आवृत्ति काढिली. पुढें डॉ. जस्टिन ॲबट यांनीं लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी हस्तलिखिताकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति इ. स. १९५६ त पुण्यास निघाली, व फादर कारिदाद द्रागो यांची इ. स. १९९६ त. राचोलच्या छापखान्यांतून निघालेला ग्रंथ अशा रीतीनें मूळ लिपींत वाचकांच्या हातीं येण्यास ३४० वर्षें लागलीं.

आतां वास्तूकडे पुन: वळूं. इ. स. १७५९ त पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याच्या धोरणामुळें जेझुइट संघास पोर्तुगीज राज्यांतून हद्दपार करण्यांत आलें. गोंव्यांत हा हुकूम कोंदि द एगा या व्हाइसरॉयानें बजावला. पाद्र्यांस कैद केलें व त्यांच्या मिळकती सरकारजमा झाल्या. राचोलचें विद्यालय सुमारें दीडशें वर्षांनंतर आपल्या निर्मात्यांच्या हातून गेलें.

सरकारजमा झालेली धर्मसंघाची इमारत बहुधा नासते. तिची राखण करणारा कोणी नसतो, आणि दगड-लांकडास गिऱ्हाईक असतेंच. राचोलची गत तशी झाली नाहीं. इ. स. १७६२ त येथें सबंध धर्मप्रांताकरितां विद्यालय उघडण्यांत आलें. आतां तें एका संघाच्या मालकीचें न राहतां अवघ्या गोमांतकाच्या देशी पाद्रीवर्गाचें झालें. तें आजच्या अर्थानें सरकारी शाळा झालें असें आम्ही म्हणत नाहीं. पौरोहित्याचें शिक्षण हाच त्याचा मुख्य हेतु राहिला. परंतु इ. स. १८५४ त पणजीस लिसेव, म्हणजे सरकारी उच्च विद्यालय, निघेपर्यंत उंच शिक्षणाचीं ठिकाणें गोंव्यांत फारच थोडीं होतीं. लॅटिन व तत्त्वज्ञान शिकूं इच्छिणाऱ्या, पण पाद्री होऊं न इच्छिणाऱ्या तरुणांसहि राचोलचाच रस्ता धरावा लागे. गोंव्याच्या कारभारावर नेमलेला पहिला एतद्देशीय गृहस्थ बेर्नार्दु पेरिश द सिल्व्ह याचें आरंभींचें शिक्षण राचोलासच झालें, व तो पाद्री न होतां वैद्य झाला. इ. स. १८३५ त त्यास मिळालेला अधिकार थोड्याच दिवसांत बंडानें हिरावून घेतला, ही गोष्ट निराळी. परंतु जी शाळा परक्या संघानें धर्मप्रसाराकरितां काढिली, तिच्यांतूनच देशी मनुष्य राज्यकारभारापर्यंत पोंचला, हें त्या स्थित्यंतराचें फळ होय.

त्याच वर्षीं दुसरी लाट आली. पोर्तुगालांत इ. स. १८३४ त सर्व धर्मसंघ बंद करण्याचा कायदा झाला व १८३५ त तो गोंव्यास लागू झाला. जुन्या गोंव्यांतील मोठमोठे मठ ओस पडले. राचोलची वास्तु मात्र कोणत्याहि संघाची मालमत्ता राहिली नसून धर्मप्रांताची शाळा झाली होती, म्हणून ती या तडाख्यांतून सुटली. पहिल्या आघातानें तिची मालकी बदलली नसती, तर दुसऱ्या आघातानें ती बंदच पडती, असें म्हणण्यास जागा आहे.

याची उलट बाजू पाहावयाची असेल तर जुन्या गोंव्यांत संत पावलाच्या विद्यालयाची जागा पाहावी. तें राचोलहून जुनें व मोठें, हिंदुस्थानांतील पहिल्या छापखान्याचें घर. त्या जागीं रोगराई वाढल्यामुळें संघानें आपला मुक्काम हलविला, शाळा तेथून उठली, आणि कालांतरानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत उरलेली इमारत सरकारी हुकुमानें पाडण्यांत आली. आज तेथें दर्शनी कमान तेवढी उभी आहे. दोन्ही वास्तू एकाच संघाच्या, एकाच प्रांतांतल्या. एक उरली, दुसरी गेली. फरक इतकाच, कीं एकींत मुलें शिकत राहिलीं व दुसरींत राहिलीं नाहींत. वास्तूस तिचा उपयोग जितका राखतो तितका तिचा चुना राखीत नाहीं, ही गोष्ट आमच्या शहरांतील जुन्या शाळांच्या चालकांनींहि ध्यानांत धरण्याजोगी आहे.

राचोलची वास्तु आजहि धर्मशिक्षणाचें विद्यालय म्हणून चालूं आहे. मधला चौक, संत इग्नातीचें चर्च व ग्रंथालय हीं तेथें आहेत. किल्ल्याची वेस व थोडे अवशेष उरले आहेत. इ. स. १९९४ त तेथें ख्रिस्ती कलावस्तूंचें संग्रहालय उघडलें होतें, तें पुढें जुन्या गोंव्यास सांता मोनिकाच्या मठांत हलविण्यांत आलें.

शेवटीं आमचें संग्राहक बंधूंस एक मागणें आहे. कोंकण, गोमांतक, कारवार व मंगळूर या टापूंत रोमन अक्षरांत लिहिलेलें जुनें बाड दिसलें, तर तें पोर्तुगीज म्हणून बाजूस सारूं नये. मराठीचा संग्राहक तें आपलें नव्हे म्हणून सोडतो, पोर्तुगीज जाणणारा तें कळत नाहीं म्हणून सोडतो, आणि दोघांच्या मध्यें वाळवी आपलें काम करिते. वर दिलेल्या खुणा लावून एक पान मोठ्यानें वाचून पाहावें. डोळ्यांस न कळलेली मराठी पुष्कळदां कानास कळते. इ. स. १६१६ च्या आवृत्तीची एखादी छापील प्रत कोणाच्या माळ्यावर अजून असेल कीं नाहीं, हें शोध केल्यावांचून ठरणार नाहीं; आणि शोध करणारास ती ओळखतां आली पाहिजे, एवढ्याचकरितां हा लेखनप्रपंच केला आहे.